गॅरेजच्या दारात शहाणी होणारी गाडी

तात्यांनी प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी केली आणि चहाचे ग्लास बाजूला घ्यावे लागले. आत नुसती बिलं. काही छापील, काही वहीच्या कागदावर, एक तर स्पेअर पार्टच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं. मास्टर सिलिंडरचं किट. पुढचे ब्रेक पॅड. मागचे लायनर आणि दोन्ही व्हील सिलिंडर. ड्रम लेथवर मारल्याची मजुरी. मग अख्खा मास्टर सिलिंडर, ओरिजिनल. मग बूस्टर. मग पुन्हा पॅड. गाडी एकच आणि तक्रारही एकच: घाट उतरताना ब्रेकचं पॅडल खाली बसतं.

पण रोज बसत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. गाडी २००५ सालची डिझेल पिकअप. पुढे डिस्क, मागे ड्रम. गावात तिला जीपच म्हणतात. तात्या पाचगणीच्या पुढचे, भिलारकडच्या पट्ट्यातले. डिसेंबर लागला की स्ट्रॉबेरीचे क्रेट भरायचे आणि पसरणी घाटाने वाईला उतरायचं. पंधरा-वीस फेऱ्या बिनघोर होतात. मग एखाद्या दिवशी, घाट संपत आलेला असताना, पाय मारावा तर पॅडल फुसकं. पुन्हा पुन्हा दाबलं की थोडं वर येतं. तात्या दुसरा गिअर, हँडब्रेक आणि कुलदैवत या तिघांच्या जोरावर गाडी कडेला घेतात. अर्धा तास थांबतात. मग पॅडल दाबून बघतात, तर पहिल्यासारखं टणक.

“गॅरेजच्या दारात आली की शहाणी होती बघा,” तात्या म्हणाले. “मिस्त्री पाय ठेवतो, पॅडल एकदम झ्याक. मग माझ्याकडं बघतो. म्हणतो, तात्या, तुम्हालाच भास व्हायला लागलेत.”

जुनी गाडी वापरणाऱ्या कुणालाही हे वाक्य ओळखीचं वाटेल. इंजिनाचा खडखडाट, धूर, गळती हे दोष निदान दिसतात तरी. ब्रेकचा येऊन-जाऊन असणारा दोष पुरावा मागे ठेवत नाही. गाडी गॅरेजपर्यंत पोचते तोवर ती थंड झालेली असते आणि थंड गाडीत दोष नसतोच. मग मिस्त्री अंदाजाने एक पार्ट बदलतो, गाडी महिना-दोन महिने नीट चालते आणि पुन्हा तेच. या लेखासाठी वाई, सातारा आणि पुण्याच्या कात्रज भागातल्या गॅरेजांत बसून फिटर लोकांशी बोललो. ‘ब्रेक परत परत जातो’ असं म्हणत येणारी गाडी नकोशी वाटते, हे बहुतेकांनी मोकळेपणाने सांगितलं. वेळ जातो, बिल होत नाही, आणि चुकलं तर माणूस मरतो.

हायड्रॉलिक ब्रेकची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने १९१७ साली तिचं पेटंट घेतलं आणि १९२१च्या सुमारास ड्युसेनबर्ग कंपनीच्या मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. तत्त्व शाळेत शिकलेलं, पास्कलचं. बंद नळीतला द्रव दाबला की दाब सगळीकडे सारखा पोचतो. पायाने मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ढकलला की ब्रेक ऑइल पाईपांतून चाकांपर्यंत जातं आणि तिथले दट्टे पॅड किंवा शू दाबतात. हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे: द्रव दबत नाही. नळीत कुठेही हवा किंवा वाफ शिरली की ती दबते, पायाचा सगळा जोर तिला दाबण्यात जातो आणि चाकापर्यंत काही पोचतच नाही.

वाफ येते कुठून? आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नव्हेच. ग्लायकॉल जातीचा तो द्रव आहे आणि तो हवेतली ओल शोषतो. डब्याचं झाकण उघडं राहिलं तरी शोषतो, गाडीत रबरी पाईपांतून आणि टाकीच्या झाकणातूनही हळूहळू शोषत राहतो. डॉट ३ प्रतीचं कोरं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ची गोष्ट २३० आणि १५५ अंशांची. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात पावसाळा कसा असतो ते सांगायला नको. कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे ब्रेक ऑइल कोरडं कसं राहील?

आता घाटाचा हिशेब. पाचगणीहून वाईला येताना गाडी पाचशे मीटरहून जास्त खाली उतरते. भरलेल्या पिकअपचं वजन अडीच टन धरा. सगळा उतार नुसत्या ब्रेकवर काढला, तर चाळीसेक लिटर गार पाण्याला उकळी येईल एवढी उष्णता त्या चार चाकांत तयार होते. गाडी दुसऱ्या गिअरवर उतरवली तर यातला मोठा वाटा इंजिन गिळतं. वडापच्या जीप चालवणारे हे गणित न मांडता जाणतात. तात्याही जाणतात. ते दुसऱ्या गिअरवरच उतरतात, उगाच ब्रेकवर पाय ठेवून बसत नाहीत. म्हणूनच त्यांच्या गाडीचा ब्रेक जाणं पटण्यासारखं नव्हतं. उष्णता येत होती, पण ती घाटाची एकट्याची नव्हती.

निदान करणारा माणूस वाईतच भेटला, घाटाच्या पायथ्याशी. वय साठीच्या आसपास, तरुणपणी एसटीच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी केलेला. पोरं त्यांना वस्ताद म्हणतात. गॅरेज साधं: पत्र्याची शेड, एक खड्डा, भिंतीला टांगलेले पाने. तात्यांनी बिलांची पिशवी पुढे केली तर त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही.

“काय काय बदललं ते नंतर. आधी सांगा, पॅडल खाली जातं का दगड होतं?”

हा पहिला प्रश्न अनेक गॅरेजांत विचारलाच जात नाही. गाडीवाला ‘ब्रेक लागत नाही’ एवढंच सांगतो आणि त्या एका वाक्यात दोन वेगळे आजार लपलेले असतात. पॅडल टणक होऊन ब्रेक लागत नसेल तर संशय बूस्टरच्या बाजूला. डिझेल गाडीत बूस्टरला लागणारी पोकळी निर्माण करायला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्याच मागे. पंप झिजला, पट्टा ढिला पडला, पाईपला चीर गेली किंवा एकदिशा व्हॉल्व्ह अडकला की जोर सगळा पायाला लावावा लागतो. उलट पॅडल खाली जात असेल तर बूस्टरचा त्यात काही हात नाही. तात्यांनी बूस्टर बदलायचे पैसे नाहक घातले होते. हे वस्ताद बोलले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली.

पॅडल खाली जाण्याचेही प्रकार आहेत. हलक्या पायाने दाबून धरलं की हळूहळू खचत जातं, पण जोरात मारलं की लागतं, असं असेल तर मास्टर सिलिंडरमधलं रबर गेलेलं. गॅरेजात त्याला वायसर म्हणतात, आणि त्याच्या कडेने ऑइल मागे सटकतं. बाहेर थेंबही दिसत नाही. पहिल्यांदा पॅडल खोल जातं आणि लगेच दुसऱ्यांदा मारलं की वर येतं, तेही खड्ड्यांच्या रस्त्यावरून आल्यावर, तर चाकाच्या बेअरिंगला प्ले आहे का बघावं. चाक डुगडुगलं की डिस्क पॅडला मागे ढकलते आणि पहिला दाब ती फट भरण्यात जातो. टाकीतलं ऑइल कमी होतंय पण गळती कुठेच नाही, असं असलं तर मास्टर सिलिंडर बूस्टरपासून सोडवून मागे हात फिरवावा. मागचं सील गेलं असेल तर ऑइल बूस्टरच्या पोटात साचतं. साताऱ्यातल्या एका फिटरने अशीच एक कार सांगितली. मालक दर पंधरवड्याला ऑइल टाकत होता आणि ‘जिरतंय कुठं’ म्हणून चारही चाकं खोलून झाली होती.

आणखी एक भानगड माणसाच्या हाताने होते. टाकीत ब्रेक ऑइलऐवजी चुकून पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनाचं ऑइल पडतं. खनिज तेलाने ब्रेकमधली रबरं फुगतात आणि दट्टे जागच्या जागी अडकतात. वस्तादांकडे याची सोपी परीक्षा आहे. ग्लासभर पाणी घेतलं, टाकीतलं थोडं ऑइल त्यात सोडलं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, खनिज तेल वर तरंगतं. तात्यांच्या गाडीचं मिसळलं. मात्र त्याचा रंग काळपट तपकिरी होता.

यानंतर वस्तादांनी जे केलं ते आधीच्या कुणीच केलं नव्हतं. गाडी तपासायची ती घाट उतरल्या उतरल्या, असं त्यांनी ठरवलं. हौद्यात वाळूची पोती भरली, पण नेहमीच्या भाराच्या निम्मीच. स्टिअरिंगवर वस्ताद, त्यांच्या डाव्या हाताजवळ हँडब्रेक, पलीकडे तात्या आणि मधे मी. पाचगणीहून निघालो तो दुसऱ्या गिअरवर, तात्या उतरतात तसेच. त्या दिवशी पॅडल बसलंच नाही. मला वाटलं फेरी फुकट गेली. वस्तादांना पॅडल बसायला नकोच होतं. ते दुसरंच काही शोधत होते.

पायथ्याच्या सपाटीवर गाडी थांबताच त्यांनी खिशातून कोविडच्या काळात सगळ्यांच्या कपाळावर रोखली जायची तसली तापमापकाची बंदूक काढली. ही कारखान्यात वापरायची, जास्त तापमानाची. एकेका चाकाजवळ जाऊन त्यांनी ती डिस्कवर आणि ड्रमवर धरली. मागची दोन्ही चाकं साठीच्या आत. पुढचं डावं शंभराच्या खाली. पुढचं उजवं दोनशेच्या वर. चाकाजवळ तोंड नेलं की करपल्याचा वास येत होता.

“आता थांबायचं न्हाई. गार व्हायच्या आत उचलायची.”

गॅरेजात जॅक लावून पुढचं उजवं चाक उचललं. ब्रेकवर कुणाचाही पाय नाही, तरी चाक हाताने फिरेना. म्हणजे पाय काढल्यावरही आत दाब अडकून राहिलेला. पण कुठे? वस्तादांनी हाताला फडकं गुंडाळलं आणि कॅलिपरचं एअर काढायचं निपल पाव फेरा सैल केलं. गरम ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. दट्ट्या गंजून अडकला असता तर निपल उघडूनही चाक सुटलं नसतं. म्हणजे कॅलिपर निर्दोष. निपल बंद केलं, तात्यांना एकदा ब्रेक मारून पाय काढायला लावला. चाक पुन्हा जाम. आता त्यांनी निपलला हात न लावता चेसीसवरचा जोड सैल केला, जिथे लोखंडी पाईप संपतो आणि चाकाकडे जाणारा रबरी होज पाईप सुरू होतो. दाब मास्टर सिलिंडरकडून येत असता तर हा जोड सोडताच चाक मोकळं झालं असतं. झालं नाही. जोडाच्या वर दाब नाही, निपलजवळ आहे. मधे उरला एकच पदार्थ: वीतभर लांबीचा रबरी पाईप.

तो बाहेरून अगदी ठणठणीत होता. चीर नाही, फुगवटा नाही. वस्तादांनी हॅक्सॉने तो उभा चिरला आणि माझ्या हातात दिला. आतलं अस्तर सुटून आलं होतं आणि त्याची एक जीभ भोकावर आडवी पडली होती. पायाच्या जोरापुढे ही जीभ वाकते आणि ऑइल चाकाकडे जाऊ देते. परतीला मात्र तसा जोर नसतो. कॅलिपरचा दट्ट्या मागे येतो तो फक्त सीलच्या ताणाने, तोही केसभर. तेवढ्याशा दाबाने जीभ उचलली जात नाही. परिणामी पॅड डिस्कला चिकटून घासत राहतो, सपाटीवर आणि चढावरसुद्धा. घाट उतरेपर्यंत त्या एका कॅलिपरमधलं ओल शोषलेलं ऑइल उकळतं, वाफ होते, पॅडल बसतं. अर्ध्या तासात गाडी गार होते, वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि गाडी शहाणी होते.

मग आधीच्या दुरुस्त्यांनी महिना-दोन महिने गुण कसा येत होता? पिशवीतल्या बिलांवरच्या तारखा लावून बघितल्यावर ते उमगलं. किट टाका, व्हील सिलिंडर बदला, मास्टर बदला, काहीही केलं तरी शेवटी एअर काढावी लागते. एअर काढताना थोडं जुनं ऑइल बाहेर जातं आणि नवं आत येतं. नवं ऑइल जास्त तापमानाला उकळतं. म्हणजे प्रत्येक वेळी गुण आला तो एअर काढण्याने आणि श्रेय मिळालं नव्या पार्टला. शिवाय पावसाळ्यात स्ट्रॉबेरी नसते, गाडी रिकामी फिरते, डिस्कवर पाणी उडत असतं. दोष दबलेला राहतो आणि हंगाम सुरू झाला की उजळ माथ्याने परत येतो. आधीचे मिस्त्री लबाड होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी गाडी दुरुस्त केली, ती चालली, गिऱ्हाईक खुश होऊन गेलं. त्यांना त्यांची चूक कळायला वावच नव्हता.

एक गोष्ट मात्र खटकते. पॅड बदलताना कॅलिपर सोडून तो होज पाईपलाच लोंबकळत ठेवायचा, ही सवय मी जवळजवळ प्रत्येक गॅरेजात पाहिली. तीन-चार किलोचं लोखंड त्या रबरावर टांगलेलं. तारेचा आकडा करून कॅलिपर स्प्रिंगला अडकवायला दहा सेकंद लागतात. तात्यांचा पाईप वयाने गेला की पॅड बदलताना टांगून गेला, हे आता कुणी सांगू शकणार नाही. वीस वर्षांच्या गाडीत मूळचा रबरी पाईप असणं हेच मुळात धोक्याचं.

दोन्ही बाजूंचे पुढचे पाईप बदलले, कारण एक गेला की दुसरा फार मागे नसतो. जुनं ऑइल सगळं काढून टाकलं, सीलबंद डब्यातलं नवं भरलं, चारही चाकांची एअर काढली. पार्टचा खर्च नव्या मास्टर सिलिंडरच्या मानाने किरकोळ. पुढचा अख्खा हंगाम पॅडल बसलं नाही.

वस्तादांचा जवळजवळ पूर्ण दिवस या गाडीत गेला होता. बिलावर त्यांनी लिहिलं काय? दोन होज पाईप, ब्रेक ऑइल, मजुरी. मजुरीचा आकडा बघून मी विचारलं, शोधायला दिवस गेला त्याचं काय? ते हसले. “त्याचं बिल लावलं तर गिऱ्हाईक म्हणतं, दोन पाईप बदलायचे एवढे?” पार्ट बदलणाऱ्याला पार्टवरचा नफाही मिळतो आणि मजुरीही. दोष शोधणाऱ्याला शिव्या. मग नव्या पिढीतला फिटर कशाला शोधत बसेल? मास्टर सिलिंडर बदलणं त्याच्या सोयीचं आणि गिऱ्हाइकालाही ते पटतं, कारण हातात जुना पार्ट दिसतो. माझ्या मते पुन्हा पुन्हा होणाऱ्या ब्रेकच्या बिघाडाचं मोठं कारण इथेच आहे, गाडीत नाही.

सरकारी तपासणीचा आधार वाटावा तर तिथेही असा दोष शोधला जात नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नव्याने होते. तात्यांची गाडी प्रत्येक फिटनेसला पास झाली होती आणि त्यात गैर काही नव्हतं. रांगेत उभी राहून थंड झालेल्या रिकाम्या गाडीचे ब्रेक चांगलेच लागतात. भरलेल्या गाडीचे घाट उतरल्यावर काय होतं, हे ती तपासणी विचारतच नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अपघात झाला की ‘ब्रेक फेल’ हे उत्तर फार लवकर दिलं जातं. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ ट्रकने अनेक गाड्या चिरडल्या तेव्हा पहिली बातमी हीच होती. नंतर पोलिसांच्या तपासात पुढे आलं की उतारावर चालकाने इंजिन बंद ठेवलं होतं. डिसेंबर २०२४मध्ये कुर्ल्यात बेस्टची बस गर्दीत घुसली तेव्हाही ब्रेक फेलची चर्चा झाली, आणि पाहणीत ब्रेक चालू स्थितीत सापडले. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकून किंवा इंजिन बंद करून उतार काढणारा चालक ब्रेकवर दुहेरी घाव घालतो. इंजिनाची अडवणूक संपते, आणि इंजिन बंद असेल तर कारचा व्हॅक्यूम पंप किंवा ट्रकचा हवेचा कॉम्प्रेसरही थांबतो. साठलेल्या पोकळीवर दोन-तीनदा ब्रेक लागतो, मग पॅडल दगड. आधुनिक इंजेक्शनच्या गाडीत गिअरवर उतार काढताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंधन तसंही बंद होतं. म्हणजे न्यूट्रलला टाकून वाचत काहीच नाही.

वाचकांपैकी अनेक जण कधी ना कधी जुनी गाडी काढून गावाकडे निघतील, वाटेत घाट असतील. निघण्याआधी गॅरेजात एवढं विचारा की ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं. दोन वर्षं उलटली असतील किंवा कुणालाच आठवत नसेल तर बदलून घ्या, आणि रबरी पाईप दहा वर्षांचे झाले असतील तर तेही. घाट उतरून सपाटीला आलात की प्रत्येक चाकाजवळ जाऊन उभे राहा. डिस्कला हात लावू नका, पण एकाच चाकाची धग आणि वास वेगळा आला तर गाडी तशीच गरम असताना दाखवा. आणि तोच दोष दुसऱ्यांदा आला तर तिसरा पार्ट बदलू देऊ नका. फिटरला सांगा, आधी शोध, शोधण्याचे पैसे वेगळे देतो. बिलावर ‘तपासणी’ अशी ओळ लिहायला लावा आणि ती रक्कम घासाघीस न करता द्या.